वरचढ प्रतिस्पर्ध्याशी डाव

बुद्धिबळातील गुणांकन हा खेळाडूच्या संभाव्य यशाचा अंदाज असतो. प्रा. अर्पाद एलो यांची ही पद्धती जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. दोघांत २०० गुणांचे अंतर असल्यास वरच्याकडून डावामागे ०.७६, तर खालच्याकडून ०.२४ गुण अपेक्षित धरले जातात. बदलाचा गुणक २० असेल, तर खालच्या खेळाडूचे पराभवाने सुमारे ५ गुण जातात, बरोबरीने जवळजवळ तितकेच मिळतात आणि विजयाने १५ लाभतात. जोखीम वरच्याचीच अधिक! मुलांना सोप्या स्पर्धांपुरतेच उतरविणाऱ्या शिक्षकांनी हा हिशेब अवश्य पाहावा.

२०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक स्पर्धा झाली. तीत नागपूरच्या दिव्या देशमुख यांना १५ वे मानांकन होते. द्वितीय मानांकित झू जिनर यांना त्यांनी जलद डावांत नमविले. माजी विश्वविजेत्या तान झोंगयी यांच्याविरुद्धचा डाव १०१ चालींपर्यंत झुंजवून जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हम्पी यांच्याशी दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलै रोजी जलद डावांत, काळ्या मोहऱ्यांनिशी, दिव्या विजयी झाल्या. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तोवर त्यांच्याजवळ नव्हता. तो किताब या विजेतेपदानेच त्यांना थेट मिळवून दिला.