बुळकांडी गेली, हरणांच्या झिजणीवर लस कधी?

पोळ्याच्या दिवशी पांढुर्णा-सौंसर भागात बैलांच्या शिंगांना बेगड लागते, पाठीवर झूल चढते आणि घरची लक्ष्मी त्यांच्या पायांवर पाणी घालून पुरणपोळीचा घास भरविते. या आनंदाच्या दिवशी एक जुना शब्द आता कोणाच्या तोंडी येत नाही, आणि तो येत नाही हीच मोठी समाधानाची गोष्ट आहे. तो शब्द म्हणजे ‘बुळकांडी’. आजच्या तरुण वाचकांपैकी पुष्कळांनी तो ऐकलाही नसेल.

बुळकांडी ही गुरांची महामारी होती. प्रथम सणकून ताप, मग तोंडात फोड, डोळ्या-नाकांतून पाणी, पुढे दुर्गंधीयुक्त हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर दावणीला मरून पडे. आपल्या वर्धा-नागपूर-छिंदवाडा पट्ट्याचे भूषण असलेले गवळाऊ बैल ज्याच्या दारी, त्याची शेती उभी. ते गेले की घर बसले. बरे, हा रोग गोठ्यापुरता राहत नसे. रानात चरणारी गुरे आणि चितळ, सांबर, गवा यांचा पाणवठा एकच. त्यामुळे गावची साथ जंगलात शिरे. १९६८ साली दक्षिणेत बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलात गव्यांना या रोगाचा मोठा तडाखा बसला.

या रोगाशी झुंजणाऱ्या एका संस्थेची सुरुवात महाराष्ट्रात झाली, हे आपणांस अभिमानास्पद आहे. गुरांच्या रोगांचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यास निघाली आणि १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथे पुढे शेळीच्या शरीरात वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार झाली. १९५४ पासून देशभर गुरांना लस टोचण्याची मोहीम चालली. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. देवीच्या रोगानंतर मनुष्याने पृथ्वीवरून समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग होय.

येथे वाचक विचारील की, गुरांना लस टोचली, पण रानातल्या हरणांचे काय? उत्तर असे की, त्यांना सुई टोचावीच लागली नाही. बुळकांडीचा विषाणू शरीराबाहेर फार काळ टिकत नसे, आणि रोगातून वाचलेले जनावर जन्मभर सुरक्षित होई. रोगाला जिवंत राहण्यासाठी सतत नवे जनावर हवे असे, आणि ते त्याला मुख्यत्वे गावच्या कळपात मिळे. गावचे दार बंद होताच जंगलातली साथ आपोआप विझली. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या कुरणांत हेच घडले. तेथे १९६१ साली सुमारे अडीच लक्ष असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लक्षांवर गेले.

आता दुसऱ्या रोगाकडे वळू. १९६७ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानात पाळीव हरणे खाऊन-पिऊनही झिजू लागली. लाळ गळे, मान खाली लोंबे, तोल जाई, आणि अखेर मृत्यू. त्यांच्या मेंदूची स्पंजासारखी चाळण झाल्याचे १९७८ साली एलिझाबेथ विल्यम्स या पशुवैद्य बाईंनी ओळखले. ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या नावाचा हा रोग पुढे अमेरिका व कॅनडातील रानटी हरणांत पसरला; २००१ साली दक्षिण कोरियात परदेशातून आणलेल्या एल्क हरणांत सापडला, आणि २०१६ साली नॉर्वेच्या रेनडियरांत. भारतात तो आढळल्याची नोंद नाही.

या रोगाचे कारण जंतू नाही, विषाणू नाही. ते एक बिघडलेले प्रथिन आहे. त्याला ‘प्रायॉन’ हे नाव स्टॅनले प्रुसिनर यांनी १९८२ साली दिले व या शोधाबद्दल त्यांस १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुधात चमचाभर विरजण पडले की सारे दूध दही होते, तसे एक वाकड्या घडीचे प्रथिन मेंदूतील चांगल्या प्रथिनांना आपल्यासारखे वाकडे करीत जाते. शिवाय लाळेतून, मलमूत्रातून ते मातीत उतरते आणि वर्षानुवर्षे तेथे टिकते. म्हणजे बुळकांडीत जी आपली सोय होती, ती येथे नाही.

मग लस का निघत नाही? लस शरीरातील पहारेकऱ्याला चोर ओळखावयास शिकविते. येथे चोर घरच्याच माणसाच्या रूपात येतो; पहारेकरी त्याला अडवीत नाही, आणि अडवावयास शिकविले तर घरच्या माणसावरच हात पडण्याचे भय. म्हणून कॅनडातील सस्कॅचेवान येथील संशोधकांनी प्रथिन वाकडे झाल्यावरच उघडा पडणारा भाग निवडून लस केली. परंतु रोगट जमिनीवर ठेवलेल्या एल्क हरणांवर तिचा प्रयोग झाला, तेव्हा लस टोचलेलीच आधी आजारी पडली. हा अनुभव २०१८ साली प्रसिद्ध झाला. याउलट न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तोंडावाटे द्यावयाची लस पाच हरणांना दिली व सहा हरणे तुलनेसाठी तशीच ठेवली. ती सहाही रोगाने गाठली. लस घेतलेल्यांना रोग उशिरा जडला आणि एक निरोगी राहिले. पाचांत एक हे यश लहान. पण वाट अगदीच बंद नाही, एवढे त्यातून कळते.

वाट मोकळी झाली तरी हरणाला लस द्यावी कशी, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर स्वित्झर्लंडने १९७८ साली दाखविले. कोंबड्यांच्या मुंड्यांत लस भरून त्या रानात टाकल्या. कोल्ह्यांनी त्या खाल्ल्या आणि पुढे तेथून कोल्ह्यांचा पिसाळरोग हटला. हरणांसाठी असेच काही आमिष शोधावे लागेल.

आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेस पेंचचे जंगल आहे. तेथील वाघ चितळांवर जगतो. बुळकांडीने एक धडा दिला आहे की, रानाचे आरोग्य गोठ्यापासून सुरू होते. लाळ्या-खुरकूत आजही गोठ्यातून रानात जाऊ शकतो. तेव्हा पशुवैद्य लस घेऊन गावात आले की एकही जनावर मागे ठेवू नये. मेलेले जनावर ओढ्याकाठी फेकू नये, खोल पुरावे. रानात मेलेले वा अडखळत चालणारे हरीण दिसल्यास हात न लावता वनखात्यास कळवावे. ज्या रोगावर औषध नाही, तो दाराबाहेर ठेवणे हेच त्याचे औषध. आपल्या वडीलधाऱ्यांनी बुळकांडी पाहिली. आपल्या नातवंडांना हा दुसरा रोग केवळ वाचूनच माहीत असावा, एवढी दक्षता आपण घेऊ या.