जुनं बाथरूम न फोडता नीट करायचं तर पैसा आधी कुठे घालावा?

वीस-पंचवीस वर्षांचं बाथरूम दाखवलं की मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं असतं, "सगळं फोडावं लागेल." दर वेळी ते गरजेचं नसतं. एकदा फोडायला घेतलं की टाइल, पाइप, मजुरी, मलबा असा आकडा वाढतच जातो, आणि तोवर घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी जायचं कुठे?

खर्चाआधी एक रात्र द्या. झोपताना टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा, टाकीत येणारं पाणी बंद ठेवा, रात्री कुणी नळ उघडू नये. फजरला पातळी उतरलेली दिसली तर कुठेतरी गळती आहे. ती थांबेपर्यंत बाकी कशालाही हात लावू नका.

मग तोटी. आपला भंडारा पितळेसाठी नावाजलेला, आणि आपणच जुनी पितळी तोटी भंगारात देऊन चकचकीत प्लास्टिकची आणतो! टपकणाऱ्या तोटीत बहुतेक वेळा आतला वॉशरच झिजलेला असतो. तो काही रुपयांत येतो. सेकंदाला एक थेंब आणि 20 थेंबांचा एक मिलीलिटर धरला तर दिवसाला 4 लिटरच्या वर पाणी जातं. हदीसमध्ये एक मुद पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरमध्ये, वजू केल्याचं येतं. म्हणजे पाच वेळच्या वजूपेक्षा जास्त पाणी नुसतं टपकून जातं. हा हिशेब मुलांकडून करून घ्या.

खरा पैसा घालायचा तो फरशीवर. ओल्या पायानं, अर्ध्या झोपेत वजू करणारे दादा-दादी घसरतात ते गुळगुळीत टाइलवर. आधी बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी जाळीकडे न जाता साचत असेल तर उतार चुकला आहे, तेवढा भाग उकरावाच लागेल. उतार बरोबर असेल तर नाण्यानं टाइल वाजवा. पोकळ आवाज येणाऱ्या तेवढ्या काढा, ती जागा भरा आणि बाकीवर खरबरीत टाइल चिकटवा. पण टाइल अ‍ॅडहेसिव्हनेच. साधं सिमेंट गुळगुळीत टाइलवर धरत नाही. फरशी अर्धा-पाऊण इंच उचलली जाते, म्हणून दार अडतं का आणि जाळी वर घेता येते का, हे आधी मोजा.

वजूच्या तोटीजवळ बसायला गुडघ्याच्या उंचीचा कडप्प्याचा ओटा आणि भिंतीत स्टीलचं हँडल, एवढ्यानं म्हाताऱ्यांची उठबस सोपी होते. टॉवेलच्या दांडीला हँडल समजू नका, ती माणसाचं वजन पेलत नाही.

भिंतीच्या टाइल बहुधा चांगल्याच असतात, काळ्या पडतात त्या सांधी. जुनं सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, दिवसभर पाणी लागू देऊ नका. पांढऱ्या क्षाराच्या डागांना व्हिनेगर पुरतं. ॲसिड सांधी खातं, आणि त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी वायू निघतो.

फोडायचंच असं एक काम असू शकतं. भंडाऱ्याहून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. संडासची सीट त्या रुखानं बसवलेली असेल आणि ती फिरवायची असेल, तर ते नव्या फरशीच्या आधी उरकून घ्या.