दोन कायांमधील जाळे

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरात पसरलेल्या कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारिया बेटावरील लास पाल्मास हे बंदर दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात शिडाच्या नौकांनी गजबजून जाते. 1492 साली कोलंबसाने याच द्वीपसमूहात थांबून आपल्या गलबतांची डागडुजी करून घेतली आणि मगच पश्चिमेची वाट धरली. 1986 पासून हौशी दर्यावर्दींचा एक मोठा ताफा त्याच ईशान्य व्यापारी वाऱ्यांच्या भरवशावर दरसाल येथून निघतो. आरंभी त्याचा मुक्काम बार्बाडोस बेटावर असे. 1990 पासून सुमारे 2700 सागरी मैलांचे अंतर अडीच-तीन आठवड्यांत काटून तो सेंट लुसिया बेट गाठतो. निघण्यापूर्वीच्या दिवसांत प्रत्येक नौकेवर तपासणीची एकच धांदल उडालेली असते: डोलकाठीच्या टोकापर्यंत चढून तारा पाहिल्या जातात, सुकाणूचे सांधे हलवून त्यांची खातरजमा केली जाते, गोड्या पाण्याच्या टाक्या भरून घेतल्या जातात. मात्र ज्या नौकांना दोन काया असतात, त्या कॅटमरान जातीच्या नौकांवर एक वस्तू अशी असते की, तिच्यावर रोज पाय पडत असल्यामुळेच की काय, तिच्याकडे निरखून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ही वस्तू म्हणजे नौकेच्या पुढच्या अंगास दोन कायांच्या मधोमध ताणून बांधलेले जाळे; दर्यावर्दी त्याला ट्रॅम्पोलिन म्हणतात.

एकच काया असलेली शिडाची नौका तळाशी जडवलेल्या शिशाच्या किंवा लोखंडाच्या वजनाने आपला तोल सांभाळते, तर कॅटमरान तो केवळ आपल्या रुंदीने सांभाळते. कोकणच्या किनाऱ्यावर अरुंद होडीच्या एका बाजूस दोन आडव्या वाशांनी बांधलेली लाकडी उलांडी ज्याने पाहिली असेल, त्याला हे तत्त्व निराळे समजावून सांगावयास नको. पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन लोकांनी हीच युक्ती शतकानुशतके वापरून हजारो मैलांचे प्रवास केले. अमेरिकेत नॅथॅनिएल हेरेशॉफ याने 1876 साली ‘अ‍ॅमरिलिस’ नावाची द्विकाय नौका न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवून इतर नौकांना इतके मागे टाकले की, तिला शर्यतींतून बाद ठरवण्यात आले. आज मात्र समुद्रपर्यटनाच्या नौकांमध्ये कॅटमरानने मानाचे स्थान मिळवले आहे. तिच्या मागच्या भागात दोन्ही कायांना जोडणारे भरीव घर असते. पुढच्या भागात नाळेपाशी एक आडवी तुळई असते. आणि या तुळईपासून घराच्या भिंतीपर्यंत जी मोकळी चौकट उरते, तिच्यात जाळे बांधलेले असते.

ही चौकट फळ्यांनी किंवा फायबरने बुजवून का टाकली नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद अशा चौकटीवर लाटेचे अर्धा मीटर उंचीचे पाणी येऊन थांबले, तर ते साडेचार घनमीटर भरते, आणि समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून जड असल्यामुळे त्याचे वजन सुमारे 4.6 टन होते. हा भार नौकेच्या अगदी पुढच्या टोकावर पडतो, म्हणजे नेमका तेथे, जेथे काया निमुळत्या असतात आणि तरंगण्याची शक्ती सर्वांत कमी असते. त्या क्षणी नाळ खाली दबली आणि पाठोपाठ दुसरी लाट आली, तर पुढचा प्रसंग कल्पनेनेच जाणावा. जाळ्यातून हे पाणी पाहता पाहता खाली निघून जाते. खालून उसळणारी लाटही भरीव तळावर जशी आदळली असती तशी येथे आदळत नाही, तिचा बराचसा जोर छिद्रांतून विरून जातो. आणि वाऱ्याने एक काया पाण्याबाहेर उचलली गेली, तर तिच्याखाली शिरलेला वारा नौकेला उलथवण्याऐवजी आरपार जातो. तात्पर्य, या ठिकाणी माणसाला उभे राहण्यापुरती जमीन हवी आणि समुद्राला मात्र ती नसल्यासारखी वाटावी, अशी ही दुहेरी मागणी आहे, आणि आजवर जाळ्याखेरीज दुसऱ्या कशानेही ती इतक्या स्वस्तात व इतक्या कमी वजनात पुरी केलेली नाही.

परंतु या सोयीला मुदत असते. जाळ्याचा खरा वैरी लाट नव्हे, सूर्य होय. नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन यांचे तंतू म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमध्ये या साखळ्यांचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते, आणि वर्षानुवर्षे उन्हात पडून राहिलेल्या दोऱ्यामध्ये ही तोडमोड बाहेरच्या तंतूंपासून आत सरकत जाते. दोरा जाडीला तितकाच दिसतो, विणही शाबूत दिसते, पण त्याचे बळ निघून गेलेले असते. त्यात वाळलेल्या मिठाचे कण विणीत शिरून प्रत्येक पावलागणिक तंतूंना घासतात, नांगराची साखळी कडेला चाटत राहते, आणि जेथे बांधणीची दोरी धातूच्या कडीतून जाते, तेथे ती अहोरात्र कुरतडली जाते. कॅरिबियन समुद्रासारख्या उष्ण कटिबंधात बारमाही उभ्या असलेल्या नौकेचे जाळे थंड प्रदेशातील नौकेच्या जाळ्याच्या तुलनेने फार लवकर थकते. म्हणून केवळ वयावरून निर्णय घेणे हा माझ्या मते चुकीचा शिरस्ता आहे, आणि केवळ नजरेवरून घेणे हा त्याहूनही चुकीचा.

निर्णय हाताने घ्यावयाचा असतो. अंगठ्याचे नख दोऱ्यावर दाबून घासले असता खडूसारखी भुकटी निघाली, तर तंतू मरू लागला असे समजावे. जाळ्याची कड उलटून दुमडीच्या आत सावलीत राहिलेला भाग आणि वरचा उघडा भाग बोटांत धरून एकमेकांशी ताडून पाहावेत: एक मऊ व लवचीक आणि दुसरा ताठर व खरखरीत लागला, तर उन्हाने किती खाल्ले याचा हिशेब तेथेच मिळतो. जाळ्याच्या कडेला जो रुंद पट्टा शिवलेला असतो, त्याची शिवण सुईच्या टोकाने उचलून पाहावी. ती तटातट तुटू लागली, तर जाळे कितीही धडधाकट दिसो, त्याचा भरवसा संपला. पुष्कळदा जाळ्याच्या आधी शिवणीचा दोराच संपतो, आणि जाळे ठीक असल्यास पट्टा नव्याने शिवून घेतल्याने काही वर्षांचे काम भागते. ही पाहणी बंदरात, शांत पाण्यात, नौकेचा कठडा हाताने घट्ट धरूनच करावी. काळोख्या रात्री, दहा-बारा फुटांच्या लाटांत, पुढचे शीड आवरण्यासाठी धावत गेलेल्या माणसाच्या पायाखाली जाळे फाटले तर तो दोन कायांच्या मधल्या पाण्यात पडतो आणि नौका त्याच्यावरून पुढे निघून जाते. या एका शक्यतेपुढे नव्या जाळ्याच्या खर्चाचा विचारही मनात येऊ नये.

नवे जाळे कशाचे घ्यावे, याविषयी मतभेद आहेत. 1935 साली अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स याच्या प्रयोगशाळेत जन्मलेले नायलॉन लवचीक असल्यामुळे पायाला सुखद वाटते व झटका सोसते, परंतु ते पाणी शोषते, भिजल्यावर ताण सोडते आणि आपल्या बळाचा 10 ते 15 टक्के भाग गमावते. 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधलेले पॉलिएस्टर पाण्याची फारशी पर्वा करीत नाही, कमी ताणले जाते आणि उन्हालाही अधिक काळ पुरून उरते. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि पाण्यावर तरंगणारे, पण संरक्षक द्रव्य मिसळलेले नसेल तर उन्हात सर्वांआधी ढासळणारे. अलीकडचे डायनीमा हे पॉलिएथिलीनच्या कुळातील द्रव्य वजनाच्या मानाने विलक्षण बळकट आहे, आणि शर्यतीच्या नौका तेच पसंत करतात. मात्र ते इतके गुळगुळीत असते की त्यात साध्या गाठी सरकतात, आणि इतके कमी ताणले जाते की लाटेचा धक्का ते स्वतः न सोसता सरळ चौकटीकडे पाठवते. संसार पाठीशी घेऊन समुद्रावर राहणाऱ्या कुटुंबाने बिनगाठीचे, यंत्रावर विणलेले पॉलिएस्टरचे जाळे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाठीगाठींचे जाळे अनवाणी पायाला व गुडघ्याला बोचते, आणि प्रत्येक गाठ ही झिजेची एक जागा असते. रंग काळा असल्यास त्यातील काजळीचे द्रव्य जंबुपार किरण अडवते. भर दुपारी ते पायाला चटके देते हे खरे, पण पांढऱ्या जाळ्याच्या शोभेपेक्षा काळ्याचे आयुष्य मला अधिक मोलाचे वाटते. आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या छिद्राच्या, मापाचा प्रश्न तेवढा घरोघरी निराळा सुटेल: मोठ्या आसातून पाणी झपाट्याने जाते, पण लहान मुलाचे पाऊल आणि हातातून निसटलेला पाना हेही त्यातूनच जातात.

माप घेताना जुन्या जाळ्यावर नवे बेतण्याचा मोह टाळावा, कारण जुने जाळे इतकी वर्षे ताण सोसून मूळ मापाहून सैल झालेले असते. मोजावयाची ती चौकट. तिच्या चारी बाजू आणि दोन्ही कर्ण मोजावेत, कारण कर्णांवाचून चौकट काटकोनी आहे की तिरकी हे कळत नाही. कायांच्या आतल्या भिंती जेथे वळतात, तेथे ठरावीक अंतरांवर रुंदी मोजून वळणाची नोंद घ्यावी. आणि बांधणीच्या प्रत्येक कडीला क्रमांक देऊन तिचे स्थान कागदावर टिपावे. जाळे चौकटीहून सर्व बाजूंनी पाच ते दहा सेंटिमीटर आखूड असावे लागते, कारण ही फट म्हणजेच दोरीने ताण देण्याची जागा. ती न ठेवता चौकटीच्या मापाबरहुकूम शिवलेले जाळे चार महिन्यांत झोळीसारखे लोंबू लागते, मग त्याला ताणण्यास जागाच नसते.

आता बांधणी, आणि या सगळ्या कामाचे मर्म येथेच आहे. एकच लांब दोरी सर्व कड्यांतून ओवत नेली, तर काम भराभर होते व ताण आपोआप सारखा वाटला जातो. पण ती दोरी एखाद्या ठिकाणी झिजून तुटली की संपूर्ण बाजू उसवत जाते. म्हणून जाणते लोक प्रत्येक बाजूचे अनेक तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र दोरीने बांधून स्वतंत्र गाठीने बंद करतात: एक तुटला तरी शेजारचे त्याचा भार उचलतात आणि माणसाला सावध होण्यास अवधी मिळतो. यामागे मोडतोडीचा एक क्रम ठरवून दिलेला असतो. कितीही बंदोबस्त केला तरी एखादी लाट मर्यादेपलीकडची येणारच. त्या वेळी दोरी तुटावी, जाळे फाटू नये. जाळे फाटावे, पण कायेत बसवलेली कडी उपटू नये. कारण दोरी पाच मिनिटांत बदलता येते, आणि उपटलेल्या कडीच्या जागी मात्र फायबरला भोक पडून आत पाणी शिरते. जो माणूस अधिक बळकटीच्या हौसेने बांधणीला भलतीच जाड व अतूट दोरी वापरतो, तो हा क्रम उलटा करून टाकतो. इंग्लंडच्या जेम्स व्हॅरमने 1950 च्या दशकात स्वतः बांधलेल्या द्विकाय नौकेतून अटलांटिक ओलांडला, आणि पुढे आपल्या आराखड्यांतल्या तुळयाही त्याने बोल्टांऐवजी दोरांनी कायांना बांधल्या. ताठ राहून मोडण्यापेक्षा थोडे हलू द्यावे, हाच विचार तेथेही आहे.

काम काढण्याआधी कड्यांच्या खाचा गोड्या पाण्याने धुऊन घ्याव्यात. अ‍ॅल्युमिनियमच्या तुळईत पोलादी स्क्रू असतील, तर मीठपाण्याच्या साथीने दोन धातूंमध्ये विद्युत्‌क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी झालेली असते. असे स्क्रू काढून, त्यांना विद्युत्‌रोधक लेप लावून मगच परत बसवावेत. जुने जाळे सोडण्यापूर्वी चौकटीवर भक्कम फळ्या टाकाव्यात आणि अंगात तरंगजाकीट घालावे, मग बंदर कितीही शांत असो. नवे जाळे आधी चार कोपऱ्यांना सैल अडकवावे, नंतर प्रत्येक बाजूचा मध्य बांधावा, आणि मध्यापासून कोपऱ्यांकडे, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून घेत जावे. कोकणातल्या घरी सुंभाची बाज आवळणारा माणूस जसा एकाच बाजूला सगळा जोर लावत नाही, तसेच हे. पहिल्याच फेरीत पुरा ताण देऊ नये. एक रात्र जाळ्याला स्थिरावू द्यावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरून आवळावे. तुळईवर डोलकाठीच्या पुढच्या तारेचाही भार असतो, म्हणून जाळे ढोलाच्या कातड्यासारखे ताणण्याचा अट्टहास धरला तर तुळईच वाकू शकते. माणूस मध्यभागी उभा राहिला असता जाळे थोडे दबावे, पण त्याच्या पायाभोवती खळगा पडू नये, इतका ताण पुरे.

समुद्रावर निघाल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत दोऱ्या पुन्हा सैल पडतात. दिवसाउजेडी, कमरेचा पट्टा सुरक्षादोराला अडकवून, एकेक गाठ तपासून आवळावी लागते, आणि दोरीचा एक मोठा गुंडा या कामासाठी राखून ठेवावा लागतो.

राहता राहिले जुने जाळे. प्लॅस्टिक समुद्रात टाकण्यास मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने 1988 च्या अखेरीपासून सक्त मनाई केली आहे, आणि ती सर्वथा योग्य आहे: पाण्यात सोडलेले जाळे मासे आणि कासवे यांना अडकवीत राहते. तेव्हा ते बंदरातील कचरा-स्वीकृतीच्या ठिकाणी द्यावे. काटकसरी लोक त्याचे तुकडे फळे-भाज्या टांगण्यासाठी कापून ठेवतात, त्यात वावगे काही नाही. परंतु तोच तुकडा मुले पडू नयेत म्हणून कठड्याला बांधणे किंवा धक्क्यावर दुसऱ्या कोणा गरजू नावाड्याला देणे हा घोर प्रमाद होय, कारण मेलेला दोरा आणि जिवंत दोरा डोळ्याला सारखेच दिसतात. नौकेवरून उतरवल्याबरोबर त्याला कात्री लावून, पुन्हा कोणाला बांधता येऊ नये इतके लहान तुकडे करावेत.