दोन किलो लोखंडाचा हिशेब

गोंदिया म्हणजे धानाची बाजारपेठ आणि राइस मिलांचे शहर. आज या मिलांची यंत्रे विजेच्या मोटारीवर फिरतात. पण वीज गावोगाव पोहोचण्याआधी धान भरडायचे असो की पीठ दळायचे, महाराष्ट्राच्या अनेक खेड्यांत ते काम डिझेल इंजिन करी. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली, आणि अशी इंजिने शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत पोहोचली. जुन्या, संथ चालीच्या इंजिनाला सिलिंडर एकच आणि दोन्ही बाजूंना बिडाची दोन अवजड चाके. इंजिन मिनिटाला साधारण साडेसहाशे फेरे घेई, मात्र त्याच्या पोटात डिझेल पेटे ते दर दोन फेऱ्यांत एकदाच. उरलेल्या वेळात पट्टा आणि गिरणी फिरत राही ती या चाकांत साठलेल्या गतीवर. त्या चाकाचे नाव फ्लायव्हील.

हेच चाक प्रत्येक गिअरवाल्या मोटारीतही असते, फक्त दिसत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये, क्लच प्लेटच्या मागे ते दडलेले असते. त्याच्या काठावरच्या दात्यांना, म्हणजे रिंग गिअरला, स्टार्टर पकडतो. त्याच्या सपाट तोंडावर क्लच प्लेट दाबली जाते. रोजच्या वापरातली गाडी थोडी चपळ करावी असे ज्यांना वाटते, त्यांची नजर हमखास या चाकावर जाते. फ्लायव्हील काढायचे, लेथवर चढवून त्याचे मांस कमी करायचे किंवा तयार हलके चाक आणून बसवायचे. त्यातून काय मिळते आणि काय जाते, हे आकड्यांत मांडता येते.

रांजणगावच्या कारखान्यातून 2015 मध्ये बाहेर पडलेली अबार्थ पुंटो आठवावी. दिसायला घरगुती हॅचबॅक, पण 1.4 लिटरच्या टर्बो इंजिनाची ताकद 145 अश्वशक्ती. ऑफिसला जायची आणि रविवारी पळवायची, अशी ती गाडी. हिशेबासाठी अशाच घडणीची एक सर्वसाधारण गाडी धरू: वजन 1000 किलो, फ्लायव्हील आठ किलोचे, व्यास 28 सेंटिमीटर. त्याच्या काठाजवळचे, म्हणजे केंद्रापासून सुमारे 12 सेंटिमीटरवरचे, दोन किलो लोखंड कापले. पहिल्या गिअरमध्ये रस्त्यावरच्या चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन जवळपास 14 फेरे घेते. त्यामुळे ते दोन किलो फिरवायला लागणारा जोर वाचला की वेग घेताना गाडी सुमारे 63 किलोंनी हलकी झाल्यासारखी वागते. एक धडधाकट माणूस खाली उतरावा, एवढा हा फरक.

दुसऱ्या गिअरमध्ये हाच फायदा 20 किलोंवर येतो, तिसऱ्यात नऊ, आणि पाचव्यात जेमतेम साडेतीन. गिअरचे प्रमाण या गणितात वर्गाने येते, म्हणून तो इतक्या झपाट्याने घसरतो. लोखंड कुठून कापले यालाही तेवढेच महत्त्व आहे. तेच दोन किलो केंद्रापासून सहा सेंटिमीटरवरून काढले, तर पहिल्या गिअरमधला फायदाही चौथाईच उरतो.

इंजिनाची ताकद यात एका अश्वशक्तीनेही वाढत नाही आणि गाडीचा कमाल वेगही तोच राहतो. बदलते ती इंजिनाची चपळाई. ॲक्सिलरेटर दाबताच फेरे पटकन चढतात, सोडताच पटकन उतरतात. घाटातल्या वळणाआधी खालचा गिअर टाकताना फेरे जुळवणे सोपे जाते. रॅली आणि शर्यतीच्या गाड्यांत हलके फ्लायव्हील असते ते याच कारणाने. तिथे इंजिन बहुतेक वेळ वरच्या फेऱ्यांत असते आणि गिअर सतत बदलावे लागतात.

गोंदियाच्या बाजारातल्या रस्त्यावर गोष्ट वेगळी असते. समोर ई-रिक्षा, बाजूला सायकल, मध्येच धानाची पोती भरलेला ट्रक, आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत चाललेली. इंजिन आयडलिंगला मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर क्लचच्या झाकणासह त्या फ्लायव्हीलमध्ये सुमारे 350 ज्यूल ऊर्जा साठलेली असते. हजार किलोची गाडी जागेवरून ताशी तीन किलोमीटरपर्यंत आणायला जवळपास तेवढीच लागते. क्लच सोडताना गाडीला पहिला धक्का मिळतो त्यात या साठ्याचा वाटा मोठा. काठाचे दोन किलो गेले की साठा 250 वर येतो. मग चढावर, भरल्या गाडीत, एसी चालू असताना पाय जरा घाईने उचलला की गाडी बंद पडते. ते टाळायला चालक जास्त रेस देऊन हाफ क्लचवर गाडी उचलतो. क्लच प्लेट तापते, आणि ती उष्णता शोषायला चाकात लोखंडही कमी उरलेले असते. टर्बो गाडीत अडचण आणखी वाढते, कारण खालच्या फेऱ्यांत टर्बो अजून जागा झालेला नसतो.

सिलिंडर जितके कमी, तितकी फ्लायव्हीलची गरज जास्त. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा इंधन पेटते, तीन सिलिंडरमध्ये दीड वेळा. 2018 मध्ये आलेल्या टियागो जेटीपीचे 1.2 लिटरचे टर्बो इंजिन तीन सिलिंडरचे होते. आज अनेक छोट्या गाड्यांत तशीच इंजिने असतात. चाक हलके केले की त्यांची थरथर स्टिअरिंग आणि सीटपर्यंत येते. गाडीचा संगणक फेऱ्यांमधल्या बारीक चढउतारांवरून इंजिन मिसफायर होते आहे का ते ओळखतो. हलक्या चाकाने हे चढउतार वाढतात आणि डॅशबोर्डवर विनाकारण इंजिनाचा दिवा लागू शकतो.

बऱ्याच डिझेल आणि काही पेट्रोल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असते. दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये लांब कमानी स्प्रिंगा, अशी त्याची रचना. 1985 मध्ये जर्मनीच्या लुक कंपनीने ते मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. इंजिनाचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू न देणे हे त्याचे काम. ते लेथवर लावायचे नसतेच. त्याच्या जागी एकसंध हलके चाक बसवले, तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडू लागतो.

सगळ्यात मोठा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. मिनिटाला 6500 फेऱ्यांवर 28 सेंटिमीटरच्या चाकाचा काठ ताशी सुमारे 340 किलोमीटर वेगाने धावत असतो. बीड हा ठिसूळ धातू. चुकीच्या जागी खोल कापले, बोल्टच्या भोकांजवळ धार राहिली किंवा जुनी तडे गेलेली चकतीच पुन्हा वापरली, तर चाक फुटून त्याचे तुकडे बेल हाऊसिंग फोडून चालकाच्या पायांपर्यंत येऊ शकतात. म्हणून शर्यतींच्या जगात फ्लायव्हीलसाठी एसएफआय 1.1 असे स्वतंत्र मानक आहे. हलके करायचेच तर पोलादी किंवा घर्षणाच्या तोंडाला पोलादी चकती बसवलेले ॲल्युमिनियमचे तयार चाक घेणे शहाणपणाचे. त्यानंतर डायनॅमिक बॅलन्सिंग, नवे बोल्ट आणि टॉर्क रेंच या तिन्हींना पर्याय नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. फ्लायव्हीलचे वजन प्रमाणपत्रावर नसते. तरीही गोंदियाच्या, म्हणजे एमएच-35 पाटीच्या, गाडीच्या मालकाने हे काम करण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे. गाडी वॉरंटीत असेल, तर विषय तिथेच संपवावा.

फिरत्या वजनाची किंमत कळायला याच जिल्ह्यातले तिरोडा पुरेसे आहे. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॅटचे पाच संच आहेत. प्रत्येक संचाचा अवजड रोटर मिनिटाला 3000 फेरे घेतो. ग्रिडवर अचानक भार आला, तर पहिल्या काही सेकंदांत वारंवारता सावरते ती अशाच रोटरांमध्ये साठलेल्या गतीच्या बळावर. तिथे कुणी वजन कमी करायचा विचार करत नाही.

ज्याची गाडी मुख्यतः ट्रॅकवर किंवा रॅलीत धावते, त्याने हलके फ्लायव्हील जरूर बसवावे. ज्याला रोज गोंदिया ते आमगाव किंवा देवरी जायचे आहे, मुलांना शाळेत सोडायचे आहे, त्याने मूळ चाक तसेच ठेवावे. हौस दांडगी असेल, तर क्लच प्लेट बदलायची वेळ येईपर्यंत थांबावे. त्या कामासाठी गिअरबॉक्स उतरतोच, त्यामुळे मजुरी एकदाच लागते. तेव्हाही दीड-दोन किलोंपलीकडे जाऊ नये, आणि बॅलन्सिंग मशीन नसलेल्या कारखान्यात हे चाक देऊ नये.