मासोळ्यांच्या पेटीतलं विरजण

लेकरांच्या हट्टापायी घरात मासोळ्या येतात आणि पंधरा दिवसांत एकेक मरू लागते. आपण म्हणतो, "रोज तर सगळं पाणी बदलत होतो!" चूक तिथंच होते.

मासोळीची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. नितळ पाणीही विषारी असू शकतं. दुधाला विरजण लागतं, तसे या पाण्याला जिवाणू लागतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर त्यांचा जम बसायला 4 ते 6 आठवडे लागतात. सगळं घासूनपुसून धुतलं, की हे विरजणच वाहून जातं.

म्हणून सुरुवातीला दोन-तीनच मासोळ्या आणा. आठवड्याला चौथा हिस्साच पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मासोळ्यांना बाधतं. ते पाणी पसरट भांड्यात 24 तास उघडं ठेवून वापरा. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य टाका.

वाशिमच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर जातो. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून पेटी सावलीत ठेवा. मासोळ्या वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागल्या, तर हवेचा पंप लावा, थोडं पाणी बदला.

काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. नायट्रेट म्हणजे झाडांचं खतच. टंचाईच्या दिवसांत ते तुळशीला, कढीपत्त्याला घाला.