पडदा नको, पोथी काढा!

दोस्तांनो, शाळेत प्रकल्प सादर करायचा म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, "कॉम्प्युटर कुणाकडे आहे?" ज्याच्याकडे तो असतो, तो गटाचा म्होरक्या! बाकीचे नुसते मागे उभे. मग पडद्यावर अक्षरंच अक्षरं येतात आणि बोलणारा आपल्याकडे पाठ करून तीच वाचतो. अरे, वाचता तर आम्हालाही येतं की!

आता जरा कोकणात चला. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तिथले ठाकर समाजातले कलावंत चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातल्या एका कथेसाठी कागदी चित्रांचा एक गठ्ठा असतो. त्याला म्हणतात पोथी. ही पोथी वाचायची नाही बरं का, दाखवायची! कथेकरी एक चित्र समोर धरतो, वीणा-टाळांच्या साथीवर तेवढाच प्रसंग गाऊन-बोलून रंगवतो आणि मगच पुढचं चित्र काढतो. पुढे काय येणार, हे गठ्ठ्यात दडलेलं. म्हणून तर माणसं उठत नाहीत! ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. अशाच चित्रांची एक शैली आपल्या पैठणच्या नावानं ओळखली जाते.

ही युक्ती आपल्याला जमेल? का नाही! समजा, विषय आहे पाऊस. छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा म्हटलं की विमानतळ आणि एमआयडीसी आठवते. पण तिथल्या वेधशाळेतली पावसाची नोंद पेपरात येते, तीही पाहत जा. आता "आज 20 मिलिमीटर पाऊस झाला" असं फळ्यावर लिहिलं, तर कुणाला काय कळणार?

त्यापेक्षा जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर आपली पोथी बनवा. पहिलं चित्र रेल्वेचं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, ते सांगा. मग चित्र खाली ठेवा आणि खडूनं जमिनीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. एवढ्या जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होतं बरोबर एक लिटर! म्हणजे 20 मिलिमीटरचे 20 लिटर. तेवढं पाणी भरलेली बादली चौकोनात ठेवा. एखाद्या मित्राला ती उचलायला लावा. त्याचं तोंड पाहूनच वर्गाला पाऊस किती तो कळेल!

आता दुसरं चित्र, शाळेच्या छपराचं. छप्पर शंभर चौरस मीटरचं असेल, तर त्या पावसात त्यावर पाणी किती पडलं? लगेच उत्तर सांगू नका. थांबा. वर्गाला हिशेब करू द्या. मागच्या बाकावरून कुणीतरी "दोन हजार लिटर!" असं ओरडलं की तिसरा कागद काढायचा. त्यावर फक्त आकडा, शेवटच्या बाकावरून दिसेल एवढा मोठा. हे पाणी कुठं जातं, हा प्रश्न मग वर्गच विचारील.

दोन-चार आठवणीचे शब्द कागदाच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. ती बाजू तुमच्याकडेच असते ना! आई-बाबा, तुम्हाला मात्र एक विनंती: चित्रं तुम्ही काढून देऊ नका. वाकडी रेल्वे चालेल. घरी एकदा समोर बसून ऐका आणि कुठं कळलं नाही तेवढं सांगा.

आणि हो, बादलीतलं पाणी मोरीत ओतू नका. शाळेतल्या झाडांना घाला.