न पाहिलेल्या जगाचा हिशोब

कल्पित जगांचे हाताने काढलेले नकाशे हा माझा जुना नाद. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’चा मूळ नकाशा प्रकाशकाकडे पाठवताना हरवला. मग त्याने स्वतःचीच कादंबरी चाळून जागांच्या उल्लेखांची यादी केली आणि कंपास घेऊन नकाशा नव्याने बसवला. मजकुरातून नकाशा उभा करण्याची ही कसरत आपल्याकडे शतकानुशतके चालली होती, आणि तिचा सर्वांत भक्कम कागद प्रसिद्ध झाला तो सोलापुरात.

सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४०मध्ये ठरवले की आपली संपत्ती धर्मकार्याला लावायची. कोणत्या कार्याला, हे विचारत ते देशभर विद्वानांकडे फिरले. १९४१च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा येथे त्यांनी विद्वान जमवले, ३०,००० रुपये जाहीर केले आणि जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापन झाला. १९४४मध्ये उरलेली सगळी, सुमारे दोन लाखांची मालमत्ताही त्यांनी संघाला दिली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेचे पहिले पुष्प होते यतिवृषभांचा जैन विश्वरचनेवरचा प्राकृत ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ती’. संपादक आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन. भाग १९४३ आणि १९५१चे.

याच विश्वरचनेतल्या मधल्या अडीच द्वीपांचे, म्हणजे अढाईद्वीपाचे, राजस्थान-गुजरातेतले रंगीत पट अनेकांनी संग्रहालयांत पाहिले असतील. श्रद्धावंताला ते जग खरे. चित्रकारापुढचा पेच मात्र कोणत्याही कल्पित जगाचाच. डोळ्यांनी न पाहिलेले काढायचे कसे? ग्रंथ उत्तर देतो आकड्यांत. मधोमध १ लाख योजने (योजन हे अंतराचे जुने माप) व्यासाचे जंबुद्वीप, भोवती २ लाख रुंदीचा लवणसमुद्र, मग ४ लाखांचे धातकीखंड, ८ लाखांचा कालोद आणि पुष्करद्वीपाचा अलीकडचा ८ लाखांचा अर्धा भाग. एकूण व्यास ४५ लाख. जंबुद्वीपात भरतक्षेत्राचा १ भाग, पुढे पर्वत आणि क्षेत्रे आळीपाळीने दुप्पट: २, ४, ८, १६, ३२, मधल्या विदेहाचे ६४, पलीकडे तशीच उतरण. बेरीज बरोबर १९०.

आता ४५ इंचांचा पट घ्या. जंबुद्वीपाला १ इंच मिळतो आणि भरतक्षेत्राला इंचाचा १९०वा भाग. म्हणून चित्रकारांनी जंबुद्वीप मुद्दाम मोठे काढले आणि बाहेरची वलये आवळली. प्रमाण सोडले, क्रम सोडला नाही. दोन्ही समुद्रांतले मासेही रिकामी जागा भरायला आलेले नाहीत. ग्रंथानुसार असंख्य समुद्रांपैकी जलचर फक्त तिघांत, आणि त्यांतले दोन या पटात येतात.

सर्वांत रंगलेला वाद मात्र आकाराचा आहे. अख्ख्या लोकाचे, म्हणजे विश्वाचे, घनफळ परंपरेने ३४३ घनराजू; राजू हे त्या विश्वाचे माप. समोरून पाहता लोक तळाशी ७ राजू, मध्ये १, वर ५ आणि माथ्यावर पुन्हा १, उंची १४. नवव्या शतकात ‘धवला’ या टीकेचे कर्ते वीरसेन यांनी हिशोब मांडला: लोक मृदंगासारखा गोल मानला, तर घनफळ जेमतेम १६४ घनराजू भरते. म्हणून दक्षिणोत्तर जाडी सर्वत्र ७ राजू धरली पाहिजे. मग खालचा अर्धा १९६, वरचा १४७, बेरीज ३४३. हीच मांडणी ‘तिलोयपण्णत्ती’तही आढळते, म्हणून पं. फूलचंद्र शास्त्रींनी ग्रंथाचे आजचे रूप वीरसेनांनंतरचे ठरवले. जुगलकिशोर मुख्तारांनी ते खोडले. एका आकृतीच्या जाडीवरून ग्रंथाचे वय ठरवायचा हा वाद मला फार मोलाचा वाटतो. कल्पनेतले जगही हिशोबाला बांधलेले असते, याचा तो पुरावा आहे.

आज नवी जगे रेखाटणारी मुले किनारपट्टी आणि डोंगरांपासून सुरुवात करतात. त्यांनी मापांपासून करावी. सोलापूर भागातल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी एकदा तरी वर्गात कंपास, मोठा कागद आणि १९०चा भागाकार द्यावा, आणि मराठी नावांचा अढाईद्वीप मुलांकडून काढून घ्यावा.